नामाचे क्रियापद होताना : इंग्रजीतील चार प्रत्यय

इंग्रजीत ‘ब्लॅक’ म्हणजे काळा, आणि काळा करणे किंवा काळा होणे म्हणजे ‘ब्लॅकन’. त्याच चालीवर ‘व्हाइट’चे ‘व्हाइटन’ होते, ‘रेड’चे ‘रेडन’ होते. मग ‘ग्रीन’चे ‘ग्रीनन’ का होत नाही? ‘ब्लू’, ‘ब्राउन’, ‘ग्रे’ यांनी काय घोडे मारले आहे? काळ्या, पांढऱ्या आणि तांबड्या रंगाला जो मान मिळाला, तो हिरव्या, निळ्या, तपकिरी आणि करड्या रंगांना का मिळू नये?

आपल्या व्याकरणाच्या पुस्तकांत या प्रश्नाचे उत्तर सहसा नसते. तेथे असतो तो एक तक्ता. डावीकडे नाम किंवा विशेषण, उजवीकडे त्यापासून झालेले क्रियापद. हा तक्ता परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ करावयाचा, दुसऱ्या दिवशी उत्तरपत्रिकेत उतरवावयाचा आणि तिसऱ्या दिवशी विसरून जावयाचा, अशी आपली रीत पडून गेली आहे. वस्तुतः या तक्त्यामागे कानाचे काही नियम आहेत, हजार वर्षांचा इतिहास आहे आणि अर्थाच्या बारीक छटा आहेत. त्या एकदा ध्यानात आल्या की पाठांतराचे ओझे पुष्कळ हलके होते. एवढेच नव्हे, तर आपल्या मराठीकडेही थोड्या निराळ्या नजरेने पाहता येते. प्रस्तुत लेखाचा हेतू तेवढाच आहे.

जे नव्हते ते होणे

प्रथम या क्रियापदांचा गाभा पाहू. ‘सिम्पल’ म्हणजे सोपे, ‘सिम्प्लिफाय’ म्हणजे सोपे करणे. सोपे करावयाचे म्हणजे ते आधी सोपे नव्हते, हे उघडच आहे. संस्कृत वैयाकरणांनी या कल्पनेला ‘अभूततद्भाव’ असे नेमके नाव दिले आहे. जे तसे नव्हते ते तसे होणे, हा त्याचा अर्थ. शुद्ध नसलेले शुद्ध करणे, एकत्र नसलेले एकत्र करणे यासाठी पाणिनीच्या व्याकरणात ‘च्वि’ नावाचा एक स्वतंत्र प्रत्ययच आहे. इंग्रजीने या एकाच कामासाठी चार प्रत्यय वापरले : ‘-एन’, ‘-इफाय’, ‘-आइझ’ आणि ‘-एट’. चौघांची घराणी वेगळी, म्हणून त्यांच्या आवडीनिवडीही वेगळ्या.

घरचा प्रत्यय

‘-एन’ हा इंग्रजीचा स्वतःचा, जर्मानिक कुळातला प्रत्यय आहे. लिहिताना ‘ई’ आणि ‘एन’ ही अक्षरे येतात. उच्चार मात्र ‘अन’ किंवा नुसता ‘न’ असा होतो. जुन्या इंग्रजीतील ‘फॅस्तनिअन’ या क्रियापदापासून आजचे ‘फासन’, म्हणजे घट्ट बांधणे, आले. अशा शब्दांच्या नमुन्यावर पुढे ‘डार्कन’, ‘शार्पन’, ‘विकन’ अशी कितीतरी क्रियापदे तयार झाली.

हा प्रत्यय कोठे लागतो? शब्द बहुधा एका सिलॅबलचा असावा लागतो आणि त्याचा शेवट विशिष्ट व्यंजनाने व्हावा लागतो. क, ट, ड, प यांसारखी स्पर्श व्यंजने, किंवा स, श, फ यांसारखी घर्षक व्यंजने त्याला चालतात. म्हणजे तोंडातून जाणारी हवा पूर्ण अडली पाहिजे, नाहीतर घासून तरी गेली पाहिजे. ‘डीप’चे ‘डीपन’, ‘हार्ड’चे ‘हार्डन’, ‘लूस’चे ‘लूसन’, ‘फ्रेश’चे ‘फ्रेशन’, ‘रफ’चे ‘रफन’ होते ते यामुळेच. शेवटी स्वर असेल, म किंवा न यांसारखे अनुनासिक असेल, अथवा र किंवा ल असेल, तर हा प्रत्यय दाराबाहेरच थांबतो.

आता आपल्या रंगांकडे पुन्हा पाहू. ‘ब्लॅक’च्या शेवटी क, ‘व्हाइट’च्या शेवटी ट, ‘रेड’च्या शेवटी ड. तिघांनाही प्रवेश मिळाला. ‘ग्रीन’ व ‘ब्राउन’ यांच्या शेवटी न आहे, तर ‘ब्लू’, ‘ग्रे’, ‘येलो’ यांचा शेवट स्वराने होतो. हे पाचही बाहेर राहिले. ज्यांना प्रत्यय मिळाला नाही, त्या शब्दांपैकी पुष्कळ मग जसेच्या तसे क्रियापद म्हणून उभे राहतात. ‘ड्राय’, ‘स्लो’, ‘थिन’, ‘कूल’, ‘वॉर्म’, ‘काम’, ‘क्लीन’, ‘क्लिअर’ हे शब्द विशेषणेही आहेत आणि क्रियापदेही. त्यांचे शेवट तपासून पाहावेत; सगळीकडे स्वर, अनुनासिक, र किंवा ल हेच आढळतील.

याच नियमातून दुसरे एक जुने कोडे सुटते. ‘स्ट्राँग’चे ‘स्ट्राँगन’ न होता ‘स्ट्रेंग्थन’ का होते? ‘स्ट्राँग’ हा शब्द इंग्रजी उच्चारात ङ या अनुनासिकावर संपतो, म्हणून प्रत्यय लागत नाही. मग भाषेने शेजारचे दार ठोठावले. ‘स्ट्रेंग्थ’ हे नाम घर्षक व्यंजनावर संपते. त्याला प्रत्यय विनातक्रार लागला. ‘लाँग’चे तेच, म्हणून ‘लेंग्थन’. ‘हाय’च्या शेवटी स्वर, म्हणून ‘हाइट’ या नामावरून ‘हाइटन’. याउलट ‘डीप’ आणि ‘वाइड’ यांना स्वतःलाच प्रत्यय चालतो. त्यामुळे ‘डेप्थ’ किंवा ‘विड्थ’ या नामांकडे जाण्याची गरजच पडली नाही. ‘डेप्थन’ आणि ‘विड्थन’ हे शब्द रूढ इंग्रजीत नाहीत, ते का नाहीत हे आता सांगावयास नको.

अर्थात हा नियम प्रवेशाचा आहे, सक्तीचा नाही. ‘वेट’, म्हणजे ओला, हा शब्द ट वर संपूनही ‘-एन’ घेत नाही. तो स्वतःच क्रियापद होतो. ‘हॉट’लाही त्याची गरज भासली नाही, कारण ‘हीट’ हे क्रियापद आधीपासूनच होते. प्रत्ययाखेरीज शब्दातला स्वर बदलून क्रियापद करण्याची एक फार जुनी पद्धत इंग्रजीत होती. ‘फूड’वरून ‘फीड’, ‘फुल’वरून ‘फिल’, ‘ब्लड’वरून ‘ब्लीड’, ‘गोल्ड’वरून ‘गिल्ड’ ही तिची शिल्लक राहिलेली उदाहरणे होत. ती पद्धत आता नवे शब्द देत नाही.

उच्चाराबाबत एक सूचना येथेच केलेली बरी. स किंवा फ नंतरचा ट या क्रियापदांत लिहिला जातो, पण रूढ उच्चारात तो गळतो. म्हणून ‘सॉफ्ट’चे क्रियापद ‘सॉफन’, आणि ‘मॉइस्ट’चे ‘मॉइसन’.

फ्रान्सहून आलेला पाहुणा

१०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि पुढे काही शतके दरबाराची व न्यायालयाची भाषा फ्रेंच झाली. त्या वाटेने ‘-इफाय’ इंग्रजीत आला. त्याचे मूळ लॅटिनमध्ये, ‘करणे’ या अर्थाच्या ‘फाकेरे’ या धातूत आहे. ‘ग्लोरिफाय’, ‘जस्टिफाय’, ‘प्युरिफाय’, ‘फॉर्टिफाय’ या शब्दांना धर्मपीठाचा, कचेरीचा आणि किल्ल्याचा वास येतो तो उगाच नव्हे.

हा प्रत्यय आघाताच्या बाबतीत मोठा हट्टी आहे. आपल्या लगेच आधीच्या सिलॅबलवर आघात आलाच पाहिजे, असा त्याचा आग्रह असतो. म्हणून त्याला आखूड शब्द आवडतात : ‘प्युअर’चे ‘प्युरिफाय’, ‘टाइप’चे ‘टिपिफाय’, ‘कोड’चे ‘कोडिफाय’. ‘ब्यूटी’ व ‘ग्लोरी’ यांचा शेवटचा स्वर गळतो आणि ते त्याच्या मापात बसतात. शब्द लांब असला तर तो आघात जागचा हलवतो. ‘सॉलिड’ म्हणताना जोर ‘सॉ’वर असतो, ‘सॉलिडिफाय’ म्हणताना तो ‘लि’वर सरकतो. ‘पर्सन’ आणि ‘पर्सॉनिफाय’ यांतही हेच घडते. अलंकार शिकताना हा दुसरा शब्द आपण रोज वापरतो. त्याचा आघात आता चुकू नये.

ग्रीक आजोबा

‘-आइझ’ हा मूळचा ग्रीक. ग्रीकमधून उत्तरकालीन लॅटिनमध्ये, तेथून फ्रेंचमध्ये आणि मग इंग्रजीत, असा त्याचा प्रवास झाला. ‘बॅप्टाइझ’, म्हणजे बाप्तिस्मा देणे, हा त्याचा एक जुना शब्द. आज मात्र नवी क्रियापदे घडविण्याचे सर्वांत मोठे कारखानदार हेच आजोबा आहेत. मुळाची अट त्यांनी केव्हाच सोडली. ‘विंटर’सारख्या अस्सल इंग्रजी शब्दालाही ते लागतात.

‘-इफाय’च्या अगदी उलट यांचा स्वभाव. शब्दाचे शेवटचे सिलॅबल आघाताशिवाय असेल तर यांना बरे वाटते, आणि मूळचा आघात ते सहसा हलवत नाहीत. ‘मॉडर्न’, ‘लीगल’, ‘पॉप्युलर’, ‘हॉस्पिटल’ या शब्दांना ‘-आइझ’ लावून पाहावे. जोर होता तेथेच राहतो. म्हणजे ‘-इफाय’ आणि ‘-आइझ’ यांनी शब्दसंग्रह आपापसांत जवळजवळ वाटून घेतला आहे. आखूड शब्द एकाचे, लांब शब्द दुसऱ्याचे. ‘स्टाइलाइझ’सारखे अपवाद आहेत, पण कल हाच.

अर्थाच्या बाबतीत ‘-आइझ’ अष्टपैलू आहे. ‘मॉडर्नाइझ’ म्हणजे आधुनिक करणे, ‘हॉस्पिटलाइझ’ म्हणजे इस्पितळात दाखल करणे, तर ‘फिलॉसफाइझ’ म्हणजे तत्त्वज्ञाप्रमाणे बोलणे. या शेवटच्या प्रकाराशी संस्कृतचे विद्यार्थी परिचित असतील. कावळा ससाण्याप्रमाणे वागतो, या अर्थी ‘श्येनायते’ हे रूप होते. नामाचा धातू करून ‘त्याच्यासारखे वागणे’ हा अर्थ मिळवण्याची युक्ती दोन्ही भाषांना सुचली आहे.

माणसांची नावेही या प्रत्ययाने सोडली नाहीत. लुई पाश्चर यांच्यावरून ‘पाश्चराइझ’, लुइजी गॅल्वानी यांच्यावरून ‘गॅल्व्हनाइझ’, फ्रांझ मेस्मर यांच्यावरून ‘मेस्मराइझ’, रस्तेबांधणीतले मॅकॅडम यांच्यावरून ‘मॅकॅडमाइझ’. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी ‘बाउडलराइझ’ हा शब्द लक्षात ठेवावा. टॉमस बाउडलर यांनी कुटुंबात मोठ्याने वाचता यावे म्हणून शेक्सपिअरच्या नाटकांतील ‘अशोभनीय’ भाग कापून काढला आणि १८१८ साली ती संपूर्ण आवृत्ती दहा खंडांत प्रसिद्ध केली. साहित्यकृतीची अशी सोवळी छाटणी करणे या अर्थी त्यांचे नाव अमर झाले. मात्र ते कौतुकाने घेतले जात नाही.

लेखनाविषयी थोडेसे. हा प्रत्यय ‘झेड’ने लिहावा की ‘एस’ने? ऑक्सफर्डने ग्रीक मुळाला धरून ‘झेड’ पसंत केला आणि अमेरिकेतही तोच रूढ आहे. ब्रिटिश वृत्तपत्रांत मात्र ‘एस’ जास्त दिसतो. दोन्ही मान्य आहेत, फक्त एकाच उत्तरात दोन्हींची भेसळ नको. ‘ॲडव्हाइझ’, ‘रिव्हाइझ’, ‘सुपरव्हाइझ’, ‘एक्झरसाइझ’, ‘सरप्राइझ’ यांत हा ग्रीक प्रत्यय नाहीच. त्यांत सर्वत्र ‘एस’ हेच अक्षर लिहावयाचे.

लॅटिनचे विद्वान

चौथा प्रत्यय ‘-एट’. लॅटिनमधील भूतकालवाचक धातुसाधित विशेषणांच्या शेवटापासून तो आला. ‘ॲक्टिव्ह’चे ‘ॲक्टिव्हेट’, ‘व्हॅलिड’चे ‘व्हॅलिडेट’, ‘मोटिव्ह’चे ‘मोटिव्हेट’ ही त्याची सरळ उदाहरणे. लस टोचणे या अर्थाचा ‘व्हॅक्सिनेट’ हा शब्द लॅटिनमधील गाय या अर्थाच्या शब्दापर्यंत जातो, कारण जेन्नर यांनी १७९८ साली प्रसिद्ध केलेली पद्धत गाईच्या देवीवर आधारलेली होती.

हा प्रत्यय विशेषणाच्या घरातून आल्यामुळे त्याने दोन्ही घरे राखली. ‘सेपरेट’ हे क्रियापद ‘एट’ असे स्पष्ट उच्चारावयाचे. तेच विशेषण असेल तर शेवट ‘अट’ असा आखूड होतो. ‘ग्रॅज्युएट’ होणे ही क्रिया, पण पदवीधर माणूस मात्र ‘ग्रॅज्युअट’. ‘मॉडरेट’, ‘एस्टिमेट’, ‘डुप्लिकेट’ यांचेही तसेच. लेखन एक आणि उच्चार दोन असल्याने आपण बहुतेक जण दोन्ही ठिकाणी ‘एट’च म्हणतो.

एक मूळ, तीन वाटा

चारही प्रत्ययांचे काम एकच असेल तर त्यांतला कोणताही चालणार नाही का? त्याचे उत्तर ‘लिक्विड’ या एका शब्दात मिळते. ‘लिक्विफाय’ म्हणजे वायूचे किंवा घन पदार्थाचे द्रव करणे. ‘लिक्विडाइझ’ म्हणजे स्वयंपाकघरात फळे वा भाज्या यंत्रात घालून पातळ करणे. आणि ‘लिक्विडेट’ म्हणजे देणी भागवून कंपनी गुंडाळणे. प्रयोगशाळा, स्वयंपाकघर आणि न्यायालय अशी तीन ठिकाणे केवळ प्रत्ययाने वेगळी केली. यांपैकी ‘लिक्विफाय’मध्ये प्रत्ययाआधी ‘आय’ नसून ‘ई’ हे अक्षर लिहिले जाते, हेही लक्षात ठेवावे.

‘टेरर’चेही असेच आहे. ‘टेरिफाय’ म्हणजे भीतीने गाळण उडवणे. ते वादळही करू शकते. ‘टेरराइझ’ म्हणजे धाक घालून दबावाखाली ठेवणे. त्यामागे सहसा कोणाचा तरी हेतू असतो. प्रत्यय चुकला तर येथे व्याकरण बिघडत नाही, अर्थ बिघडतो.

नव्या शब्दांवरचे वाद

अशी क्रियापदे प्रत्येक पिढीत काही लोकांना खटकत आली आहेत. एलिझाबेथकालीन लेखक टॉमस नॅश यांच्यावर ‘-आइझ’ने संपणारी क्रियापदे पाडल्याचा ठपका आला होता. १५९४ साली आपल्या एका पुस्तकाच्या नव्या प्रस्तावनेत त्यांनी त्याला झकास उत्तर दिले. इंग्रजीतले एकेका सिलॅबलचे शब्द म्हणजे दुकानदाराच्या गल्ल्यातली चिल्लर. ती देऊन आपण मोठी नाणी घेतली, असा त्यांचा दावा होता.

१७६० साली तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम यांनी बेंजामिन फ्रँकलिन यांच्या लेखनातील काही शब्दांवर बोट ठेवले. त्यांत एक होता ‘कॉलनाइझ’, म्हणजे वसाहत करणे. फ्रँकलिन यांनी पत्रोत्तरात तो शब्द इंग्लंडात सर्वसाधारण वापरात नसल्याचे मान्य करून सोडून दिला. प्लासीची लढाई त्याच्या तीनच वर्षे आधी, १७५७ साली झालेली होती! शब्दाविषयी शंका घेतली जात होती. कृती मात्र जोरात चालू होती. १९६१ साली वेबस्टरचा मोठा तिसरा कोश निघाला तेव्हा ‘फायनलाइझ’सारख्या शब्दांना त्यात स्थान दिले म्हणून टीकाकार तुटून पडले. तो शब्द आज आपल्या कचेऱ्यांत मराठी वाक्यातही बिनदिक्कत वावरतो. शब्द टिकणार की नाही हे पंडितांच्या रागावर ठरत नाही. त्याची गरज आहे का आणि तो कानाला बसतो का, यावर ते ठरते.

आपल्या अंगणात

इंग्रजीतला ‘-आइझ’ आपण मराठीत ‘-ईकरण’ या रूपाने आणला. त्याची मुळे वर सांगितलेल्या च्वि प्रत्ययात आहेत. १९६९ साली बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. १९९१ नंतर उदारीकरण, खाजगीकरण, जागतिकीकरण हे शब्द प्रत्येकाच्या तोंडी झाले. ‘-आइझ’प्रमाणेच याही प्रत्ययाने मुळाची अट सोडली. डांबरीकरण आणि काँक्रिटीकरण यांत संस्कृत किती, हे सांगावयास नको. नवी कल्पना नेमकी मांडण्यासाठी हा प्रत्यय उपयोगी पडला, यात शंका नाही.

पण एक फरक नीट पाहिला पाहिजे. ‘मॉडर्नाइझ’ हे क्रियापद आहे; ‘आधुनिकीकरण’ हे नाम आहे. क्रियापद वाक्यात आले की ते कर्ता मागते. कोणी केले, कशाचे केले, हे विचारता येते. नामाला ती निकड नसते. ‘रस्त्याचे रुंदीकरण करण्यात येत आहे’ या वाक्यात रस्ता आहे, रुंदी आहे, कामही आहे. ते करणारा मात्र कोठेच नाही. इंग्रजी सरकारी भाषेतही ‘-आइझेशन’ची नामे हेच करतात. आपण त्यांचा हा दोष गुणासारखा उचलला.

वास्तविक मराठीजवळ नामाचे व विशेषणाचे थेट क्रियापद करण्याची स्वतःची ऐट आहे. रुंदावणे, उंचावणे, मंदावणे, स्थिरावणे, दुणावणे, सुखावणे. हातावरून हाताळणे, लाथेवरून लाथाडणे, डागावरून डागाळणे, फेसावरून फेसाळणे. चेहरा काळवंडतो, डोळे तांबारतात किंवा पाणावतात. ‘लांबणे’ आणि ‘लांबवणे’ असा, आपोआप होण्यातला आणि कोणी मुद्दाम करण्यातला भेद आपण एका ‘व’ने दाखवतो. इंग्रजीच्या ‘लेंग्थन’ला तो दाखवता येत नाही. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी पाचशे व हजाराच्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा ‘डिमॉनिटाइझेशन’साठी वृत्तपत्रांनी ‘निश्चलनीकरण’ हा शब्द वापरला. रांगेत उभे असलेले लोक मात्र ‘नोटाबंदी’ म्हणाले. कोणता शब्द लोकांच्या ओठांवर राहिला, हे आपण जाणतोच.

तेव्हा विद्यार्थीमित्रांना एवढेच सुचवावेसे वाटते. इंग्रजीत असे क्रियापद भेटले की तक्ता उघडण्याआधी मूळ शब्द मोठ्याने म्हणून पाहावा. त्याचा शेवट कोणत्या ध्वनीने होतो, आघात कोठे पडतो आणि प्रत्ययाने अर्थाला कोणते वळण दिले आहे, हे तीन प्रश्न विचारावेत. पुष्कळ उत्तरे कानच देईल. आणि मराठीत लिहिताना लेखणीतून ‘-ईकरण’ उतरू लागले, तर क्षणभर थांबून चौथा प्रश्न विचारावा : हे करणारा कोण? त्याचे नाव वाक्यात येऊ शकत असेल, तर सरळ क्रियापद वापरावे.